म्या तुतारीच दाबली : बीड लोकसभा २०२४ मधल्या एका चिन्हाचं प्रकरण

१३ मे २०२४. बीडचं मतदान. केज तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतून माझी थोरली चुलती बोटाला शाई लावून बाहेर आली आणि लिंबाखाली टेकली. मत कुणाला दिलं हे विचारू नये असं म्हणतात, पण आमच्या घरात हा नियम कुणी पाळत नाही.

"कुणाला दिलं, काकू?"

"कामून इचारतो? म्या तुतारीच दाबली."

"दिसली का नीट?"

"न दिसायला काय झालं? डबीभर होती की."

डबीभर? मी थोडा थांबलो. "अन् माणूस? फेटा बांधलेला?"

"कोणता माणूस? माणूसबिणूस काय न्हवता तिथं."

मी पंचवीस वर्षं जाहिरातीच्या धंद्यात आहे. बियाण्यांची पाकिटं, खताच्या गोण्या, कोचिंग क्लासचे फलक, आणि दर निवडणुकीला कुणाकुणाची पत्रकं. राजकीय प्रचार आणि वस्तूंची जाहिरात एकच आहे, नेता म्हणजे साबण, असं आमच्या धंद्यातली माणसं अर्ध्या फुशारकीने आणि अर्ध्या लाजेने म्हणत असतात. मीही म्हणायचो. काकूच्या त्या उत्तरानंतर हे वाक्य मी जरा जपून वापरतो. साबण आणि नेता यांत फरक कुठे पडतो ते बीडच्या या एका चिन्हाने मला नेमकं दाखवलं, आणि तो फरक मला वाटत होता तिथे नव्हता.

माल तोच, वेष्टन नवं

आधी घटनाक्रम, थोडक्यात. राष्ट्रवादी काँग्रेस १० जून १९९९ रोजी स्थापन झाली. चिन्ह घड्याळ. पक्ष फुटल्यावर ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. शरद पवारांच्या गटाला दुसऱ्या दिवशी नवं नाव मिळालं, आणि २२ फेब्रुवारीला चिन्ह मिळालं : तुतारी वाजवणारा माणूस. २४ तारखेला रायगडावर त्याचं अनावरण झालं. तिथून बीडच्या मतदानापर्यंत एकूण ७९ दिवस.

उमेदवार बजरंग सोनवणे. हे नाव बीडला नवं नव्हतं. २०१९ मध्ये ते याच मतदारसंघात राष्ट्रवादीकडून, घड्याळावर उभे होते. त्यांना ५,०९,८०७ मतं पडली आणि प्रीतम मुंडे यांनी त्यांना १,६८,३६८ मतांनी हरवलं. फूट पडल्यावर ते अजित पवारांच्या बाजूला होते. मार्च २०२४ मध्ये ते शरद पवारांकडे आले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या माणसासाठी "घड्याळासमोरचं बटण" असं सांगत गावं पिंजून काढली, त्याच माणसासाठी आता "घड्याळ सोडा, तुतारी धरा" असं सांगायचं होतं. त्यात घड्याळवाले समोरच्या आघाडीत, पंकजा मुंडे यांच्या प्रचारात.

वस्तूंच्या बाजारात नाव बदलण्याची वेळ येते तेव्हा काय करतात ते आठवून बघा. २००७ मध्ये हच या मोबाइल कंपनीचं व्होडाफोन झालं. तो छोटा कुत्रा गुलाबी घरातून बाहेर गेला आणि परत आला तर घर लाल झालेलं. कुत्रा तोच. काही दिवस टीव्हीवर दुसरं काही दिसतच नव्हतं. गिऱ्हाईकाला बोटाला धरून जुन्या दारातून नव्या दारात नेलं. हे जमलं, कारण जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही एकाच मालकाच्या हातात होती.

आता असं समजा की हच हे नाव, तो गुलाबी रंग आणि तो कुत्रा न्यायनिवाड्यात दुसऱ्याकडे गेला, आणि तो दुसरा त्याच नावाने शेजारीच दुकान चालवतोय. मग व्होडाफोनने जाहिरात कशी केली असती? राष्ट्रवादीच्या दोन्ही गटांची अवस्था अशी होती. १४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला अजित पवार गटाला सांगावं लागलं की शरद पवारांचं नाव आणि फोटो वापरू नका, स्वतःच्या ओळखीवर मतं मागा. १९ मार्चला आणखी एक आदेश आला : घड्याळ वापरा, पण प्रत्येक जाहिरातीत लिहा की या चिन्हाचा वाद न्यायालयात प्रलंबित आहे. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी कुणीतरी धापा टाकत वाचतं तशी ही तळटीप. ती किती जणांनी वाचली असेल हा वेगळा विषय.

नव्या चिन्हाबद्दल आम्हा धंदेवाल्यांचं मत मात्र एकमुखी होतं : चिन्ह झकास आहे. तुतारीला आवाज आहे. लग्नात, पालखीत, पुढाऱ्याच्या स्वागताला ती वाजतेच, मग प्रचारसभेत चिन्हच हजर करता येतं. घड्याळ काय वाजवून दाखवणार? कमळ, पंजा, धनुष्यबाण, ही सगळी मुकी चिन्हं. इथे पहिल्यांदाच कानाला लागणारं चिन्ह मिळालं. सभा सुरू होण्याआधी दोघं फेटेवाले उभे राहून फुंकर मारायचे आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कळायचं की कोण आलंय. जाहिरातवाल्याला यापेक्षा काय हवं?

घोटाळा नेमका इथेच झाला. चिन्ह कानात शिरलं आणि यंत्रावर कान लागत नाही.

गायछाप

मराठवाड्यात कुठल्याही टपरीवर जा. माणूस म्हणतो, "एक गायछाप दे." पुडीवर गाय असते. माझ्या आजोबांच्या वेळी दात घासायला माकडछाप काळी पावडर असायची, डबीवर माकड. जे तोंडाने मागायचं तेच चित्रात दिसायचं. वाचता न येणाऱ्याचा बाजार याच तत्त्वावर उभा राहिला : बोललेला शब्द आणि छापलेलं चित्र यांत फट नको. निवडणूक चिन्हंही त्याच गरजेतून आली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून चित्रं. आयोगाकडे चित्रं काढायला ड्राफ्ट्समन असायचा. आज आपण बघतो त्यातली बरीच मुक्त चिन्हं, म्हणजे कुठल्या पक्षासाठी राखीव नसलेली, एम. एस. सेठी या ड्राफ्ट्समनच्या पेन्सिलीतून उतरलेली आहेत.

घड्याळ म्हटलं की चित्रात घड्याळ. कमळ म्हटलं की कमळ. काँग्रेसच्या चिन्हाचं कागदोपत्री नाव हात आहे आणि लोक पंजा म्हणतात, पण त्याने बिघडत नाही, दोन्ही शब्दांनी एकच चित्र डोळ्यापुढे येतं.

आता हे बघा : तुतारी वाजवणारा माणूस. तीन शब्द. प्रचारात तीन शब्द कोण म्हणतं? पहिल्या आठवड्यातच लोकांनी त्याची "तुतारी" केली, पक्षानेही केली, घोषणा, गाणी, भिंती, सगळीकडे तुतारी. शब्दातून माणूस गेला. चित्रात मात्र माणूसच होता. फेटा बांधलेला, अख्खा माणूस, आणि त्याच्या तोंडाला लावलेली बारीक वळणदार रेघ म्हणजे तुतारी. फ्लेक्सवर वीस फुटांचं हे चित्र सुरेख दिसतं. मतदान यंत्रावर ते काळ्या रेघांत, नखाएवढ्या चौकटीत बसवा : माणूस उरतो, तुतारी धाग्यासारखी होते.

आणि त्याच यंत्रावर दुसरी एक चौकट. तिच्यात नुसतं वाद्य, चौकट भरून. हे मुक्त चिन्हांच्या यादीतलं ट्रम्पेट, लग्नाच्या बँडमध्ये असतं ते. ते एका अपक्ष उमेदवाराला मिळालं होतं. मुक्त चिन्हांच्या मराठी यादीत या ट्रम्पेटसमोर शब्द छापलेला होता : तुतारी. बारामतीत पक्षाने यावर लेखी हरकत घेतली, मतदान होऊन गेलं, वाद चालू राहिला.

म्हणजे काकूने काय केलं बघा. तिला दोन महिने सांगितलं होतं की तुतारी शोध. तिने तुतारी शोधली. जी चौकट सगळ्यात जास्त तुतारीसारखी दिसली तिच्यासमोरचं बटण दाबलं. मग व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसली, तिच्यावरही तीच तुतारी. पडताळणी झाली, समाधान झालं, बाई बाहेर आली. यात तिची चूक मला तरी सापडत नाही.

मला यावरून माझाच एक फसलेला प्रसंग आठवतो. जालन्याकडच्या एका बियाणे कंपनीसाठी कपाशीच्या पाकिटाचं काम केलं होतं. वाणाला जबरदस्त नाव, मोठ्या ठळक अक्षरांत, चकाकणारी शाई. कोपऱ्यात सजावट म्हणून एक बैलजोडी टाकली. हंगामात कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने फोन केला : "साहेब, तुमचं ते नाव कुणी घेत नाही. सगळे म्हणतात, बैलाचं पाकीट द्या." पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका कंपनीच्या पाकिटावर बैल आला, आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. त्या कंपनीने नक्कल केली होती का? देव जाणे, बैल काही आमच्या मालकीचा नव्हता. पण एक गोष्ट तेव्हाच कळायला हवी होती : नाव आपण ठेवतो ते चालत नाही, लोक ठेवतात ते चालतं, आणि लोकांनी ठेवलेलं नाव चित्राशी ताडून बघणं हे आपलं काम असतं.

दुकान आणि मतदान केंद्र

कंपनीचा असा वाद कोर्टात गेला तर काय होतं? याची उत्तरं आपल्याकडे साठ वर्षांपासून तयार आहेत.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमृतधारा आणि लक्ष्मणधारा यांच्या प्रकरणाचा निकाल दिला. दोन्ही पोटदुखीबिटदुखीवरची औषधं. अमृत वेगळं, लक्ष्मण वेगळा, शब्दांचा अर्थ वेगळा, असा बचाव होता. न्यायालय म्हणालं की सामान्य बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा गिऱ्हाईक शब्दाची फोड करत बसत नाही, व्युत्पत्ती शोधत नाही. त्याला एकूण ठसा आठवतो. १९७२ मध्ये पार्लेच्या बिस्किटांच्या वेष्टनाचा खटला झाला. एका वेष्टनावर मुलगी, गाई, कोंबड्या, दुसऱ्यावर तसलाच देखावा. न्यायालयाने सांगितलं की दोन वेष्टनं शेजारी शेजारी ठेवून फरक मोजू नका, गिऱ्हाईक तसं करत नाही. मुख्य रूप सारखं आहे का एवढं बघा. २००१ च्या कॅडिला प्रकरणात तर औषधांच्या नावांबद्दल बोलताना आपल्या देशातली भाषांची विविधता, खेडी आणि निरक्षरता हेही हिशेबात धरायला सांगितलं.

या तिन्ही निवाड्यांत न्यायालय गिऱ्हाईकाच्या डोक्यात शिरून बघतंय. प्रश्न एकच : हा माणूस गोंधळेल का?

निवडणूक चिन्हांचा कारभार १९६८ च्या चिन्ह आदेशावर चालतो आणि तिथे प्रश्न वेगळा असतो. अपक्ष उमेदवार अर्जात पसंतीची तीन मुक्त चिन्हं लिहितो. चिन्ह यादीत आहे का, दुसऱ्या कुणी मागितलंय का, कुणासाठी राखीव आहे का, एवढं बघून ते दिलं जातं. बीडच्या अपक्ष उमेदवाराने यात बेकायदा काहीच केलं नाही. यादीतलं चिन्ह मागितलं, ते मिळालं. त्याचा हेतू काय होता यावर चहाच्या टपऱ्यांवर पुष्कळ बोललं गेलं. मी त्यात पडत नाही.

चिन्ह ही पक्षाची मालमत्ताही नाही. मशालीवरून समता पक्ष २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता, आमचं जुनं चिन्ह उद्धव ठाकरेंच्या गटाला का दिलं म्हणून. समता पक्षाची मान्यता २००४ मध्येच गेलेली. न्यायालयाने जुन्या निवाड्याचा आधार घेत सांगितलं त्याचा सारांश असा : चिन्ह ही हातात धरता येणारी वस्तू नाही, त्यातून संपत्ती निर्माण होत नाही, लाखो निरक्षर मतदारांना पक्ष ओळखता यावा म्हणून ती एक खूण आहे.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. ट्रेडमार्कला संरक्षण मिळतं कारण त्यामागे पैसा आहे. चिन्ह मालमत्ता नाही, कारण ते मतदारासाठी आहे. ठीक. पण मतदारासाठी आहे म्हणता, तर मतदार गोंधळेल का हा प्रश्न बिस्किटाच्या पुड्यापेक्षा इथे जास्त जोरात विचारायला नको का? चुकीची पुडी आली तर माणूस दुकानात परत जातो, भांडतो, बदलून आणतो. नाही जमलं तर उद्या दुसरी घेतो. गायछाप मागणारा दिवसातून दोनदा मागतो, त्याची चूक संध्याकाळी सुधारते. मतदाराला पाच वर्षं थांबावं लागतं, आणि आपण चुकलो हे त्याला बहुधा कळतही नाही.

बाकी बाबतींतही प्रचाराला जाहिरातीपेक्षा मोकळं रान आहे. साबणाच्या खोट्या दाव्यावर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड होतो. टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून पूर्वप्रमाणन, म्हणजे आधी मंजुरी, लागतं, पण दिलेलं आश्वासन खरं आहे का हे तिथे तपासत नाहीत. कसं तपासणार म्हणा. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख, पक्षाला काहीच नाही. हे सगळं माहीत असलेलंच आहे. मला त्यात फार रस नाही.

हिशेब

निकाल ४ जूनला लागला, बीडचा रात्री उशिरा. बजरंग सोनवणे ६,८३,९५०. पंकजा मुंडे ६,७७,३९७. फरक ६,५५३. तिसऱ्या क्रमांकावर ट्रम्पेट चिन्हाचा अपक्ष, ५४,८५० मतं. चौथ्या क्रमांकावर वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार, ५०,८६७.

हा तिसरा-चौथा क्रमांक मला पहिल्या-दुसऱ्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. वंचितकडे संघटना आहे, राज्यभर ओळखीचा नेता आहे, गावोगाव कार्यकर्ते आहेत. फारशी ओळख नसलेल्या अपक्षाला लोकसभेत सहसा काही शे ते काही हजार मतं पडतात. रिंगणात ४१ उमेदवार. एका मतदान यंत्रावर १६ च बटणं मावतात, त्यात नोटा धरला की तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडावी लागली. यादीत पक्षांची नावं आधी, अपक्ष शेवटी. यंत्रावर नाव, फोटो आणि चिन्ह असतं, पक्षाचं नाव नसतं. त्या बेचाळीस चौकटींतून ही एक चौकट पन्नास हजारांहून जास्त लोकांनी शोधून काढली.

सगळी मतं चुकून पडली असं म्हणायला मात्र मी तयार नाही. कुणी जाणूनबुजून दिली असतील, कुणी दोघांवर राग म्हणून. एका चुलतीवरून पन्नास हजारांचा हिशेब लावता येत नाही. गुप्त मतदानात गोंधळ मोजायची सोय नसते, आणि तिथेच आमच्या धंद्याची मती खुंटते. कंपनी असती तर दुकानाबाहेर दोनशे लोकांना थांबवून विचारलं असतं की काय घ्यायला आला होतात आणि काय घेऊन चाललात. मतदान केंद्राबाहेर असं विचारणं फक्त माझ्यासारखे आगाऊ पुतणे करतात.

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. साताऱ्यात याच ट्रम्पेटच्या अपक्षाला ३७,०६२ मतं होती आणि तुतारीच्या उमेदवाराला हरवणाऱ्या उदयनराजेंचं मताधिक्य ३२,७७१. तेव्हापासून "पिपाणीने सातारा घालवला" (पिपाणी म्हणजे हेच ट्रम्पेट) हे वाक्य लोक सूर्य पूर्वेला उगवतो तसं म्हणतात. पण ते खरं ठरायला त्या अपक्षाच्या दर दहातली जवळपास नऊ मतं चुकलेली असायला हवीत. असतीलही. पण हे सिद्ध झालंय असं कुणी सांगू नये. दिंडोरीत तर अशा अपक्षाला १,०३,६३२ मतं पडली, पण तिथे आडनावही भगरे, निवडून आलेल्या तुतारीच्या उमेदवाराचंच. चिन्हाचा वाटा किती आणि आडनावाचा किती, कसं वेगळं काढणार?

बीडचं प्रकरण अभ्यासाला त्यातल्या त्यात स्वच्छ आहे, त्याचं कारण विचित्र आहे. इथे मत चिन्हाने ठरलंच नव्हतं. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, मनोज जरांगेंचं आंदोलन पेटलं, आणि मराठा-ओबीसी अशी फळी बीडमध्ये जितकी उघड पडली तितकी क्वचितच कुठे पडली असेल. दुसऱ्या बाजूला मुंडे हे नाव : गोपीनाथ मुंडे २००९ आणि २०१४ ला इथून निवडून आले, त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणुकीत प्रीतमताई ६,९६,३२१ मतांनी जिंकल्या. ते नाव चिन्हापेक्षा जुनं आणि घट्ट. म्हणजे दोन्हीकडचा मतदार घरून ठरवून निघाला होता. कुणाला मत द्यायचं याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. जाहिरातीच्या भाषेत, मागणी पक्की होती, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन काउंटरवर उभं होतं. गडबड झाली असेल तर ती शेवटच्या दोन हातांत, फळीवरून पुडी उचलताना. माझ्या कामाच्या दृष्टीने असा नमुना मिळणं दुर्मीळ.

आणि एक निरीक्षण, मुद्द्याला थोडं सोडून. निकालानंतर त्या वाद्याला सगळीकडे पिपाणी हे नाव चिकटलं. ही उत्तम कॉपी आहे, मी तिला दाद देतो. पिपाणी म्हणजे जत्रेतून आणलेलं पोरांचं खेळणं. तुतारीपुढे पिपाणी म्हणजे वाघापुढे बोका. एका शब्दात प्रतिस्पर्ध्याची किंमत केली. फक्त मतदार पिपाणी शोधून चुकला नव्हता, तो तुतारी शोधून चुकला होता. नाव ठेवायला उशीर झाला, आणि ज्याला ठेवायला हवं होतं त्याला ठेवलं नाही.

माणूस मोठा करा

लोकसभेला दहा जागा लढवून आठ जिंकलेल्या पक्षाने चिन्हाचा वाद सोडला नाही. विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाने निर्णय दिला : ट्रम्पेट यादीत राहील, ते वेगळं चिन्ह आहे, मात्र तुतारी वाजवणाऱ्या माणसाचं चित्र यंत्रावर ठळक करून देऊ. पक्षाने दिलेल्या नमुन्यांतला एक स्वीकारला गेला.

माझ्या दृष्टीने हा निम्मा उपाय होता. चित्र मोठं केलं, प्रचारातला "तुतारी" हा शब्द तसाच राहिला. २० नोव्हेंबरच्या मतदानातही ट्रम्पेट होतंच. मराठवाड्यात याच पक्षाचे तिघं थोडक्यात पडले : परंड्याला राहुल मोटे १,५०९ मतांनी हरले, घनसावंगीत राजेश टोपे २,३०९ मतांनी, आमच्या केजमध्ये पृथ्वीराज साठे २,६८७ मतांनी. तिन्ही ठिकाणी त्या वाद्याला पडलेली मतं या फरकांहून जास्त होती. तरी पराभवाचं खापर एकट्या वाद्यावर फोडणं मला सोयीचं वाटतं. तेव्हा लोकसभेचं वारं फिरलेलं होतं, लाडकी बहीण आलेली होती, आणि घनसावंगीसारख्या ठिकाणी रिंगणात इतर तगडी माणसंही होती.

केजला मी त्या काळात दोन दिवस गावी होतो. संध्याकाळी कार्यकर्त्यांची तीन पोरं पुठ्ठ्याचं डमी यंत्र घेऊन घरोघर फिरत होती. आमच्या ओसरीवर बसली, चहा घेतला. एकाने काकूचं बोट धरून चौकटीवर ठेवलं. "आजी, हे बघा. नुसतं वाद्य दिसलं की सोडून द्यायचं. माणूस बघायचा. फेट्यातला माणूस. माणूस दिसला की दाबायचं."

काकूने पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आरं, मग आधीच माणूस म्हणायचं व्हतं की. कशाला तुतारी तुतारी करत बसले?"

पोरं हसली. मी नाही.